जयराम मेस्त्रीनं आखलेले पाच दिवस

जयराम मेस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आला तो स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बसवायला. मी कुवेतमधल्या जाब्रियात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. आमच्या घरमालकानं इमारतीची डागडुजी ज्या कंपनीला दिली होती, तिचा हा सुतार. चाळिशी ओलांडलेला, अंगानं सडपातळ, भुवयांवर भुसा. मी फोनवर आईशी बोलत होते. ते ऐकून त्यानं बिजागरीचा स्क्रू तोंडातून काढला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्याच."

तो कुडाळजवळच्या एका गावचा. चौदा वर्षं कुवेतमध्ये, जहऱ्याला कंपनीच्या खोलीत. बायको विशाखा, नववीतली स्वरा आणि तिसरीतला अर्णव गावी. त्याच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता, त्यामुळे त्यांनी कुवेत कधी पाहिलंच नव्हतं. हे सगळं त्यानं दार बसवता बसवता सांगितलं. तक्रार नव्हती त्यात, माप सांगावं तसं सांगितलं.

मग त्याचं लक्ष आमच्या फ्रिजकडे गेलं. दारावर लाल चर्चचं चित्र असलेलं एक चुंबक होतं.

"हे कुठलं?"

"मलाक्का. मलेशियात. इथं यायच्या आधी आम्ही चार वर्षं क्वालालंपूरला होतो."

त्यानं दार बसवलं, उघडून-मिटून पाहिलं, खालची फट बोटानं चाचपली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "तिथं बायकापोरांना घेऊन जाता येतं का हो? म्हणजे माझ्यासारख्याला?"

मी म्हटलं, येतं की. आपल्या लोकांना तिथं हल्ली व्हिसा लागत नाही. त्याचा चेहरा असा झाला की मी त्याला परत आत बोलावून चहा दिला.

त्यानं जे सांगितलं ते मला पटलं. दोन वर्षांनी एकदा तो गावी जायचा, पण गावी गेला की तो सगळ्यांचा व्हायचा. कुणाच्या घराचा वासा बदलायचा, कुणाच्या लग्नाचा मंडप, देवळाचा दरवाजा, चुलत्याचं भांडण. महिना सरायचा आणि विशाखाशी निवांत बोलणं व्हायचं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी, बॅग भरताना. "पाच दिवस हवेत," तो म्हणाला. "फक्त आम्ही चौघं. ते मुंबईहून येतील, मी इथून जाईन. मग तिथनंच सगळे मिळून गावी."

त्या रमजानपासून दिवाळीपर्यंत, सहा-सात महिने, जयराम महिन्यातून एखादा शुक्रवार आमच्याकडे यायचा. त्याच्याबरोबर शैलेश यायचा. शैलेश त्याच्याच वाडीतला, दहा वर्षांनी लहान. जयरामनंच त्याला कंपनीत चिकटवला होता, रंधा धरायलाही त्यानंच शिकवलं होतं. दोघं एका खोलीत राहायचे, एका भांड्यात जेवायचे. शैलेशला इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, म्हणून वर्षभरापूर्वी कंपनीनं त्याला सकाळच्या वेळी ऑफिसात स्टोअरचं काम दिलं होतं. त्याची बायको प्रणिता आणि पाच वर्षांची मुलगीही गावीच. जयरामची कल्पना ऐकून शैलेशनंच विचारलं होतं, "आम्ही पण येऊ काय रे?" आणि चौघांचे सात झाले होते.

जयराम आखणी करायचा ती सुतारासारखी. क्वालालंपूरला एकच मुक्काम, रोज सकाळी निघायचं आणि रात्रीपर्यंत परत. सामान उचलून हिंडायचं नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं. मी ठिकाणं सांगायचे आणि तो मला प्रश्न विचारून हैराण करायचा. बाटू केव्ह्जच्या, त्या गुहेतल्या देवळाच्या, पायऱ्या किती? दोनशे बहात्तर. मग सकाळी आठलाच पोचायचं, ऊन चढायच्या आत. पायरीची उंची किती, हे काही मला सांगता येईना. मलाक्काची बस किती वेळ? दोन तास. वाटेत थांबते का? अर्णवला लघवी आवरत नाही. दुपारी तिथं रोज पाऊस येतो म्हटल्यावर त्यानं सगळी उघड्यावरची ठिकाणं सकाळी आणि छपराखालची दुपारी, अशी वाटणी केली. मी उत्साहात कॅमेरॉन हायलँड्सचं नाव काढलं. त्यानं नकाशा पाहिला, रस्त्याची वळणं पाहिली आणि म्हणाला, "नको. एका दिवसात जाऊन येताना पोरं ओकत बसतील. विशाखाला पण गाडी लागते."

चौथ्या दिवसावर त्याचा फार जीव होता. त्या दिवशी एक व्हॅन ठरवून सकाळी सेकिंचान नावाच्या गावाला जायचं, जिथं नजर पोचेल तिथवर भातशेती आहे, आणि येताना अंधार पडल्यावर क्वाला सेलांगोरच्या नदीत होडीतून काजवे बघायचे. विशाखा फोनवर हसली होती. "भात आणि काजवे बघूक मलेशियाक जातत?" तिनं विचारलं होतं. जयराम मला म्हणाला, "तिला माहीत नाही, तिथलं सबंध झाड एका तालात लुकलुकतं. तुम्हीच सांगितलंत ना? मी तिला ते सांगणार नाही. तिथंच बघू दे."

सगळं त्यानं आधी मराठीत लिहून काढलं. मग मी ते टाइप केलं आणि दोघांच्या फोनवर पाठवलं.

एक गोष्ट मात्र होती. कंपनीत सुतारकामाला खात्रीची माणसं ही दोघंच. दोघांना एकदम सुट्टी मिळेल का, अशी धाकधूक पहिल्यापासून होती. माझ्याच बैठकीच्या खोलीत शैलेश म्हणाला होता, "एकालाच मिळाली तर जयरामदादा जाणार, मी नाही. गेल्या खेपेला माझे वडील आजारी पडले तेव्हा त्यानं त्याची सुट्टी मला दिली. तीन वर्षं झाली त्याला घरी जाऊन." जयराम म्हणाला, "गप रे, दोघांनाही मिळेल." मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून सांगते.

सुट्टीचे दोन्ही अर्ज शैलेशच ऑफिसात देणार होता. तो सकाळी तिथंच असायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो खोलीवर आला आणि म्हणाला, "झाला रे. दोघांचाय झाला."

जयरामनं त्या संध्याकाळी मला फोन केला. आवाज वर चढला होता. पाठीमागे शैलेश हसत असल्याचं ऐकू येत होतं.

आता कुवेतमधून बाहेर पडायचं तर सुट्टी मिळून भागत नाही, कंपनीनं एक्झिट परमिट मंजूर करावं लागतं. ते फोनवरच्या ॲपवरून मागायचं. जयरामला ते जमेना. प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात शैलेशनं त्याचा फोन हातात घेतला, काहीतरी भरलं आणि म्हणाला, मंजूर झालं की एअरपोर्टवर त्यांना आपोआप दिसतं, तू नुसता सिव्हिल आयडी दाखव.

दोघं एकाच विमानानं जाणार होते. दिवाळीच्या सुट्टीतलं, संध्याकाळचं विमान. एअरपोर्टच्या रांगेत शैलेश पुढं होता. त्याचा बोर्डिंग पास निघाला, बॅगा आत गेल्या. जयरामच्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं दोनदा नंबर टाकून पाहिला आणि म्हणाली, परमिट नाही. तिनं जयरामचाच फोन घेऊन त्याला दाखवलं. अर्ज होता, पण कंपनीनं मंजूर केलेला नव्हता.

"सिस्टिमचा घोळ असेल," शैलेश म्हणाला. त्याला घाम फुटला होता, हे जयरामला दिसलं. पण घाम त्यालाही फुटला होता.

जयरामनं ऑफिसात फोन लावला. ऑफिस बंद. फोरमनला लावला, त्यानं उचलला नाही. विशाखा आणि प्रणिता मुलांना घेऊन मुंबईच्या विमानतळावर बसल्या होत्या. दोघीही आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेल्या.

"तू जा," जयराम शैलेशला म्हणाला. "त्यांना घ्यायला तिथं कोणीतरी हवं. मी उद्या सकाळी ऑफिसात जाऊन मंजुरी घेतो आणि उद्याच्या विमानानं येतो."

शैलेशनं पासपोर्ट खिशात घातला.   जयरामनं त्याच्या हातात मुलांच्या खाऊची पिशवी दिली, माझ्याकडून छापून नेलेली पाच दिवसांची फाइल दिली आणि वरून सांगितलं, "बाटूला आठच्या आत पोच. नाहीतर ऊन लागेल त्यांना."

मी त्याला नंतर विचारलं, तेव्हाही संशय आला नाही? तो म्हणाला, "ताई, कुणावर? शैलेशवर?" आणि मला विचारल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभा होता. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा झहूर श्रीवर्धनचा. मराठी बोलायचा. त्यानं जयरामला बॅगेसकट पाहिलं आणि चकित झाला.

"तू कुठं निघालास?"

जयरामनं सांगितलं. झहूरनं कपाटातून फाइल काढली. आतला जयरामचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला. अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, पुढच्या वर्षी.

"तुझी सुट्टी नाही जयराम. रुमैथिया भागातल्या व्हिलाचं काम आलंय ना, त्यांच्याकडे लग्न आहे. फोरमन म्हणाला, दोघांपैकी एकच जाईल, तुमचं तुम्ही ठरवा. शैलेश म्हणाला, आमचं बोलणं झालंय, मी जातो, जयराम जानेवारीत जाईल. तुझा परमिटचा अर्ज आला तेव्हा मी विचारलं पण त्याला. म्हणाला, चुकून दाबलं गेलं असेल."

"कधीची गोष्ट ही?"

झहूरनं तारीख पाहिली. "तीन आठवडे झाले."

जयराम फोरमनकडे गेला. फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं. पण एक सुतार विमानात बसून गेला होता, दुसऱ्याला सोडलं असतं तर लग्नघरात दारं बसवायला कुणी उरलं नसतं. विशाखाला त्यानं फोनवर एवढंच कळवलं, की कागद अडले, यायला जमत नाही. त्याच दिवशी दुपारी जयराम रुमैथियाला कामावर हजर झाला.

तो मला म्हणाला, दरवाज्याची चौकट लावताना त्याच्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. तीन आठवडे. म्हणजे शैलेश खोलीवर आला आणि "झाला रे" म्हणाला तेव्हा. म्हणजे दसऱ्यानंतर खोलीत बसून दोघांनी व्हॅनमध्ये कोण कुठं बसणार ते ठरवलं तेव्हा. मधल्या एका शुक्रवारी जयराम पायऱ्या चढायला नवे बूट घ्यायला जहऱ्याच्या बाजारात गेला होता. शैलेश बरोबर होता. "त्यानं खाली वाकून माझ्या बुटातला अंगठा दाबून बघितला ताई," जयराम म्हणाला. "म्हणाला, एक नंबर मोठा घे, चालून पाय सुजतात. तेव्हा त्याला माहीत होतं."

त्याला एवढंच काही कळेना, की शैलेशनं त्याला एअरपोर्टपर्यंत येऊ कसं दिलं. मग कळलं. आधी सांगितलं असतं तर जयरामनं सगळं पुढं ढकललं असतं, विशाखा निघालीच नसती, आणि प्रणिता एकटी मुलीला घेऊन कधीच आली नसती. विशाखा हवी होती. फाइलही हवी होती. फक्त जयराम नको होता.

हे त्यानं मला सांगितलं तो शुक्रवार होता, त्यांचा चौथा दिवस. त्याचं असं झालं की आदल्या दिवशी माझ्या फोनवर शैलेशचा मेसेज आला: मॅडम, तुमच्या प्लॅनमुळे सगळं एकदम मस्त चाललंय. सोबत मलाक्काच्या लाल चर्चसमोरचा फोटो. शैलेश, प्रणिता, त्यांची मुलगी, आणि विशाखा-स्वरा-अर्णव. मला वाटलं, फोटो जयराम काढतोय. मी त्यालाच फोन लावला, कसं वाटलं मलाक्का म्हणून विचारायला. तो म्हणाला, "मी रुमैथियाला आहे ताई. उद्या येऊ का तुमच्याकडे? खोलीत बसवत नाही."

तो आला. पोहे समोर ठेवले, ते तसेच राहिले. त्यानं सगळं सांगितलं. माझा नवरा ऐकता ऐकता उठून उभा राहिला.

मी म्हटलं, "विशाखाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"ती परक्या देशात आहे. इंग्रजी येत नाही. त्याच्या भरवशावर हिंडतेय. सांगितलं तर ती खोलीत दार लावून बसेल आणि पोरांचे पाच दिवस जातील. परत त्यांना कधी नेणार आहे मी?"

तिकडचं घड्याळ कुवेतच्या पाच तास पुढं. दुपारी तीनच्या सुमारास त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. तिकडे रात्रीचे आठ, नदी, होडी. आमच्या खिडकीतून जाब्रियाचं पांढरं ऊन आत येत होतं आणि जयरामच्या फोनचा पडदा काळाकुट्ट होता. आवाज तेवढे येत होते, वल्ह्याचा, पाण्याचा.

"पप्पा, दिसतंय?" अर्णव ओरडला. "सगळं झाड! पप्पा, सगळं झाड पेटतंय!"

काहीच दिसत नव्हतं. जयरामनं फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. "दिसतंय रे," तो म्हणाला. "दिसतंय."

मग पाठीमागून शैलेशचा आवाज आला. तो मुलांना समजावत होता. "बघा हां, हे आपल्याकडच्यासारखे नाहीत. इथले काजवे एका तालात लुकलुकतात. सबंध झाड एकदम." माझी वाक्यं होती ती. मी जयरामला सांगितलेली, आणि त्यानं विशाखासाठी राखून ठेवलेली.

"गे बाय," विशाखाचा आवाज आला, अगदी हळू. ती थक्क झाली होती. जयरामनं डोळे मिटले.

तेवढ्यात स्वरा फोनवर आली. "पप्पा, तुम्ही यायला हवं होतं. शैलेशकाका म्हणाले तुम्ही फॉर्मच्या शेवटच्या पानावर सही करायला विसरलात. इतकं सगळं लिहिलंत आणि सहीच विसरलात?" ती चिडवत होती, पण आवाजात रागही होता. मागून विशाखा म्हणाली, "ऱ्हवांदे गे. तेंका आधीच वाईट वाटता असतला."

मी जयरामकडे पाहिलं. फोन मागायला हात पुढं केला. मला त्या पोरीला तिथल्या तिथं खरं काय ते सांगायचं होतं. जयरामनं मान हलवली. "होय बाळा," तो फोनमध्ये म्हणाला. "विसरलो."

कॉल संपल्यावर त्यानं फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "सुट्टी घेतलीन, ते एक वेळ समजू शकतो. पोरांसमोर मला वेंधळा ठरवलंन."

पाचव्या दिवसानंतर सगळे परत निघाले. शैलेशची सुट्टी महिनाभराची होती, तोही त्यांच्याबरोबर गावी गेला. विशाखा घरी पोचली, बॅगा उघडल्या, कपडे धुतले. त्या संध्याकाळी जयरामनं तिला फोन करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

त्याला वाटलं होतं ती शैलेशवर भडकेल. भडकलीच. पण त्याआधी ती जे बोलली ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तुमी माका कित्याक नाय सांगितलात?"

"तुमची फेरी बिघडली असती."

"मी पाच दिस त्येच्या पाठसून चललंय," ती म्हणाली. "त्येच्या हातचा पाणी प्यालंय. त्येका दहादा सांगितलंय, भावजी, तुमी होतात म्हणान आमी आयलो. आणि तुमी थयसून सगळा बघी होतात. तो तीन आठवडे गप रवलो, तुमी पाच दिस रवलात."

"विशाखा, दोन्ही सारखं नाही."

"नाय सारख्या. माका ठावक आसा. पण हसली मी, तुमी दोघांनीय माका हसूक दिलात."

तिनं फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. मला वाटतं, या सगळ्यात जयराम सर्वात जास्त मोडला तो त्या दोन दिवसांत. त्यानं जे तिच्यासाठी म्हणून गिळलं होतं, तेच तिला टोचलं होतं. तिसऱ्या दिवशी स्वराचा मेसेज आला. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, सॉरी पप्पा. एवढंच.

गावात विशाखा प्रणिताकडे गेली. भांडायला गेली होती, पण प्रणिताला काहीच माहीत नव्हतं. तीही फॉर्मवरच्या सहीचीच गोष्ट खरी मानून बसली होती. ऐकल्यावर ती पायरीवरच खाली बसली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. भांडण नाही, पण विहिरीवर एक आली की दुसरी थांबायची.

शैलेश महिन्यानं जहऱ्याला परतला. खोलीत शिरला तेव्हा जयराम जेवत होता. शैलेशच्या हातात गावाहून आणलेल्या गोड खाज्याची पिशवी होती. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि उभा राहिला. तो गावात असतानाच सगळं उघडं पडलं होतं.

जयराम म्हणाला, "माका आधी कित्याक नाय सांगितलंस?"

"रोज ठरवी होतंय," शैलेश म्हणाला. "आज सांगतंय, आज सांगतंय. मगे एअरपोर्ट इला."

"एअरपोर्टार पण तोंड होता तुका."

शैलेश रडायला लागला. गेल्या खेपेला गावी गेला तेव्हा त्याची मुलगी त्याला काका म्हणत होती, हे त्यानं सांगितलं. बापाच्या आजारपणात सगळे दिवस हॉस्पिटलात गेले, पोरीला धड उचलताही आलं नाही. या वेळी फोरमननं एकच जाईल म्हटलं, तेव्हा तोंडातून 'मी' कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. आणि एकदा निघाल्यावर परत घेता आलं नाही.

"तुझ्या बापाशीक बरा नाय होता, तेव्हा तोंडान मागलं होतंस मा सुट्टी?" जयराम म्हणाला. "तेव्हा मी दिलंय. आता पण मागूक होया होता."

"मागलं असतंय तर दिलं असतंस?"

जयरामनं ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खोली बदलून घेतली आणि खालच्या मजल्यावर केरळच्या प्लंबरांबरोबर राहायला गेला.

मला त्यानं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "दिली असतीस?"

"आता कसं सांगू ताई? दिली असती असं वाटतं. त्याच्या पोरीचं ऐकून दिलीच असती बहुतेक. पण त्यानं मला ते म्हणूच दिलं नाही. आता मी काहीही म्हटलं तरी ते फुकटचंच."

काम मात्र एकत्रच करावं लागतं. दरवाजा जड असला की एकानं खालून आणि एकानं वरून धरायचा, त्याला इलाज नाही. रुमैथियाच्या व्हिलाचा शेवटचा मोठा दरवाजा त्या दोघांनी बसवला. डागडुजीच्या कागदांसाठी आमच्या इमारतीत आलेला झहूर मला म्हणाला, दोघं दिवसभरात चारच शब्द बोलतात. उचल. थांब. डावीकडे. सोड.

जानेवारीत जयरामला सुट्टी मिळाली. फोरमननं स्वतः फॉर्म भरून परमिट त्याच्यासमोर मंजूर केलं. जयरामनं तरीही विमानात बसेपर्यंत मला तीनदा फोन केला.

गावी गेल्यावर या वेळी त्यानं कुणाच्याही घराचा वासा बदलला नाही. एका सकाळी कसलीही आखणी न करता तो विशाखाला आणि मुलांना घेऊन वेंगुर्ल्याला गेला. एसटीची वेळ पाहिली नव्हती, ऊन पाहिलं नव्हतं. बंदरावर पोचले तेव्हा डोक्यावर सूर्य होता आणि वाळूत पाय ठेववेना. नारळाच्या सावलीत चौघं बसले. अर्णव मलाक्काची गोष्ट सांगत होता. तिथं सायकलरिक्षेवर फुलं लावलेली होती आणि मोठ्यानं गाणी लागायची. त्या गोष्टीत शैलेशकाका होता. मग बाटूच्या माकडांची गोष्ट, त्यातही शैलेशकाका होता. त्यानं माकडाच्या हातून अर्णवची टोपी सोडवली होती. स्वरानं भावाला कोपर मारलं. अर्णवला कळेना आपलं काय चुकलं.

"सांग रे," जयराम म्हणाला. "मग टोपी मिळाली?"

"मिळाली."

परतीची एसटी चुकली. दुसरी दोन तासांनी होती. स्टँडवर विशाखा त्याच्या शेजारी बसली होती. गेल्या पंधरा दिवसांत ती चांगलं वागली होती, माशाचं कालवण केलं होतं, त्याचे पाय दुखतात म्हणून तेल लावून दिलं होतं. पण त्यानं काहीही सांगितलं की ती एक क्षण थांबून त्याच्या तोंडाकडे बघायची. आधी असं बघत नव्हती.

"आता काय लपवक नाय मा?" तिनं विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"नाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एसटी लागली, आणि ती मुलांना घेऊन चढायला पुढं गेली.